कापसाच्या बाजारात गाडीभर वांगी

अमरावतीच्या बाजारात गाडीभर वांगी नेऊन विकायची, एवढंच नत्थुजींच्या मनात होतं. यापेक्षा साधा बेत माणसाच्या डोक्यात येणं कठीण. वांगी घरची, गाडी घरची, बैल घरचे, आणि बोरखेडीहून अमरावती अवघी तीन कोस. पहाटे निघावं, दुपारी मोकळं व्हावं, दिवेलागणीला घरच्या ओट्यावर पाय सोडून बसावं. पण अठराशे चौसष्टच्या त्या पौषात वऱ्हाडात साधं म्हणून काही उरलंच नव्हतं.

कारण कापूस. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली होती, तिथला कापूस यायचा बंद झाला होता, आणि विलायतेचे माग वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसले होते. ते भांडण कशावरून आहे हे बोरखेडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते मिटू नये म्हणून मारुतीला रोज तेल पडत होतं. गावानं ज्वारी सोडून कापूस पेरला, मग तूर सोडून पेरला, शेवटी गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेलाही पेरला. नत्थुजींनीही कुठे जागा ठेवली नसती, पण विहिरीजवळच्या तुकड्यापाशी त्यांच्या बायको सत्यभामाबाई आडव्या आल्या.

“कापूस काय भाकरीसंग खासान?” त्यांनी विचारलं.

नत्थुजींना उत्तर सुचलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि अधूनमधून असं व्हायचं.

त्या तुकड्यात सत्यभामाबाईंनी वांगी लावली, आणि ती अशी काही लागली की झाडं ओणवी झाली. घरात दोन्ही वेळा वांगी झाली. गावात वाटून झाली. गावानं ती खाल्ली आणि खाता खाता नत्थुजींना ‘वांगेवाले’ अशी पदवीही दिली. आता नत्थुजी म्हणजे काही ऐरेगैरे नव्हते. बांधाच्या एका तंट्यात साक्षीदार म्हणून ते कचेरीत गेले होते आणि गोऱ्या साहेबानं त्यांना स्वतःच्या तोंडानं “बैठो” म्हटलं होतं. ज्याला सरकार बसायला सांगतं त्याला गाव वांगेवाला म्हणतं, ही गोष्ट त्यांच्या काळजात काट्यासारखी सलत होती. म्हणून त्यांनी पारावर जाहीर केलं, “परवा अमरावतीले जातो. पाहाच तुमी, शहरात माणसाची अन् वांग्याची कदर हाय.”

झालं. कुणी म्हणालं, वांगी ओल्या पानांत गुंडाळा. कुणी म्हणालं, तणसात भरा. एक म्हातारा म्हणाला, वांगी नेऊच नका, विळे न्या, ते नासत तरी नाहीत. पण शेजारच्या किसनरावांनी तोंड उघडलं तेव्हा सगळे गप्प झाले. किसनराव अमरावतीला तीनदा जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा हरवले होते, त्यामुळे त्यांच्याइतकं शहर गावात कुणीच पाहिलेलं नव्हतं.

“नत्थुजी, वांग्याची जात नाजूक. गाडीच्या दचक्यानं काळं पडते. कापसात ठेवा. खाली कापूस, मधात वांगे, वरतून कापूस. बाळंतिणीजवळ लेकरू निजवतेत ना, तसं.”

“वांगे कोणी गादीवर निजवते काय?” सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या.

“अन् दुसरं,” किसनराव पुढे म्हणाले, “नाक्यावरचा मुनशी जेवढं इचारन तेवढंच सांगा. आपण जास्त बोललो का तो जास्त लिवते.”

दोन्ही सल्ले नत्थुजींना पटले. घरात शेवटच्या वेचणीचा थोडा कापूस होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं गाडीत अंथरला आणि पांघरला. पहाटे लाल पागोटं बांधून बाहेर आले, तर सत्यभामाबाई नवं लुगडं नेसून गाडीत बसलेल्या.

“तू कुठी?”

“मले अमरावती पाह्याची हाय.”

एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढंसं कारण नत्थुजींना पुरेसं वाटलं नाही, पण बैल चालायला लागले होते.

एक कोस गेल्यावर रस्ता संपला आणि गाड्या सुरू झाल्या. पुढे गाड्या, मागे गाड्या, पांढऱ्याशुभ्र, डोंगराएवढ्या भरलेल्या, आणि धुळीवर उडणारे कापसाचे पुंजके. घुंगरांचा असा आवाज की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. एका गाडीच्या बैलांच्या शिंगांवर चक्क चांदी मढवलेली होती.

“माय व माय!” सत्यभामाबाई उभ्याच राहिल्या. “पाहा ना, बैलाले चांदी! आपल्या पोरीच्या, वच्छलेच्या लग्नात तिले बी नव्हती एवढी!”

“खाली बस. लोक खेड्यातले समजतीन,” नत्थुजी म्हणाले. स्वतः मात्र मान वळवून वळवून ते बैल दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

नाक्यावरच्या मुनशीनं त्या सकाळी मान वर केलीच नव्हती. वर करायची गरजही नव्हती, येणारी प्रत्येक गाडी कापसाचीच होती. “गाव?” “बोरखेडी.” “नाव?” “नत्थुजी.” “माल?” आणि उत्तराची वाट न बघता त्यानं गाडीत हात खुपसला, मूठभर कापूस ओढून काढला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: कापूस, एक गाडी.

“नाई जी, ते—”

“ओला हाय?”

“ओला नाई, पण—”

“मंग कोरडा. पुढं!”

“काय लिवलं त्यानं?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“कापूस.”

“मंग तुमी सांगतलं नाई काय?”

“सरकारनं लिवलं ते लिवलं. आतमंदी गेल्यावर पाहू.”

आत गेल्यावर रस्ता फुटत होता. डाव्या हाताला भाजीबाजार, उजव्या हाताला कापसाचा. नत्थुजींनी बैल डावीकडे वळवले. तिथल्या शिपायानं चिठ्ठी पाहिली आणि बैल उजवीकडे वळवले. नत्थुजी म्हणाले, गाडीत वांगी आहेत. शिपाई म्हणाला, चिठ्ठीत कापूस आहे. त्यावर नत्थुजींजवळ बोलण्यासारखं बरंच होतं, पण मागच्या दोनशे गाड्यांजवळ त्याहून जास्त होतं. गाडी ढकलली गेली ती थेट कापसाच्या बाजाराच्या मधोमध.

तिथला देखावा पाहून आपण चुकीच्या जागी आलोय हेच नत्थुजी क्षणभर विसरले. मैदानभर पांढरे डोंगर, त्यांच्यामधून धावणारे हमाल, हत्तीएवढे वजनकाटे, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघणारी माणसं. इतक्यात चंद्रभान नावाचा एक चपळ दलाल पुढे आला, “या पाटील!” म्हणाला, आणि त्यानं नत्थुजींच्या हातावर रेशमी रुमाल टाकला.

पाटील! जन्मात पहिल्यांदा. नत्थुजींची छाती भरून आली. रुमालाखाली दुसऱ्या बाजूनं मुंबईच्या एका पेढीच्या गुमास्त्याचा हात आला. हे वामनराव, पुण्याकडचे गृहस्थ. त्यांनी आधी गाडीतून चिमूटभर कापूस काढून धागा ओढून पाहिला, “धागा लांब आहे” असं म्हणून खूश झाले आणि मग नत्थुजींची दोन बोटं दाबली. समोरचा माणूस आपली बोटं दाबतो आणि आपण स्वस्थ राहायचं, हे उद्धटपणाचं दिसेल, म्हणून नत्थुजींनीही दाबली. वामनरावांनी तीन दाबली. नत्थुजींनी आदरानं चार दाबली.

“अवो,” सत्यभामाबाई कानाशी कुजबुजल्या, “हे वांगे घेऊन राह्यले का कापूस?”

“शहरात अशीच घेत असतीन. तू चूप राह्य.”

“झाला सौदा!” चंद्रभान ओरडला.

हमालांनी गाडी उलार केली. आधी कापूस घसरला, मऊमऊ, आवाज न करता. मग धप, धप, धपधपधप! जांभळी, चकचकीत, मुठीएवढी वांगी कापसाच्या पांढऱ्या ढिगावरून घरंगळत निघाली. एक गडगडत गेलं ते वामनरावांच्या पुणेरी जोड्याला टेकून थांबलं. सारा बाजार वाकून बघू लागला.

“हे काय आहे?” वामनरावांनी विचारलं.

“वांगं,” नत्थुजी प्रामाणिकपणे म्हणाले. “काटेरी देठाचं. भरताले लय—”

“मी कापसात दगड पाहिलेत,” वामनरावांचा आवाज चढत गेला. “माती पाहिली, पाणी पाहिलं. एका गाडीत तर आख्खं जातं निघालं होतं. पण वजन वाढवायला वांगी? अहो, काही लाज?”

“भेसळ! भेसळ!” लोक ओरडले. कापसातली भेसळ म्हणजे त्या दिवसांत चोरीपेक्षा मोठा गुन्हा. माल जाळायचा आणि माणूस कोठडीत टाकायचा. काठी घेतलेला शिपाई गर्दी फोडून आला. त्या धक्काबुक्कीत नत्थुजींचं लाल पागोटं खाली पडलं आणि कुणाच्या तरी पायाखाली गेलं.

“माल कोणाचा?” शिपाई गरजला.

सत्यभामाबाई एक पाऊल पुढे आल्या. नत्थुजींनी ते पाऊल पाहिलं. मग काठी पाहिली. मग ते बायकोच्या पुढे येऊन उभे राहिले.

“माझा,” ते म्हणाले. “बाईचा यात काई संबंध नाई. काय करायचं ते मले करा.”

बावीस वर्षांत सत्यभामाबाईंना उत्तर सुचलं नाही अशी ही पहिली वेळ.

शिपाई म्हणाला, भेसळ आहे की नाही हे तपासणीचे कारकून पंजाबराव ठरवतील. पंजाबराव कुठे आहेत? जेवायला गेलेत, खाण्याच्या बाजारात. कधी येतील? ते सांगता येत नाही, गेले चार दिवस त्यांचं जेवण मनासारखं होत नाही. तुम्हीच शोधून आणा. तोवर गाडी, वांगी आणि बैल इथेच राहतील.

आणि अशा रीतीनं, डोक्यावर पागोटं नाही, गाठीला माल नाही आणि मानेवर गुन्हा, अशा थाटात नत्थुजी अमरावतीच्या खाण्याच्या बाजारात शिरले.

शिरताना ते मान खाली घालून चालत होते. पण त्या बाजारात मान खाली घालून चालणं कुणालाच जमलं नसतं. पहिल्याच वळणावर जिलेबीचा घाणा निघत होता आणि तुपाचा वास असा अंगावर आला की नत्थुजी कोठडी विसरले. पुढे लाल मिरच्यांच्या पोत्यांचा गड, त्यातून शिंकत शिंकत पार व्हायचं. मग हळकुंडं, मग निजामाच्या मुलखातून आलेला खजूर, मग काबुली बदाम विकणारा उंच पठाण, मग भज्यांची कढई आणि तिच्याभोवती कडं करून उभे असलेले गाडीवान. कुणी ओरडत होतं, कुणी चाखत होतं, कुणी चाखूनच पोट भरून निघून जात होतं. एका हलवायानं सत्यभामाबाईंच्या हातावर शेवेची चिमूट ठेवली आणि त्यांनी ती अर्धी नत्थुजींना दिली. रस्त्यात, चालता चालता, लोकांदेखत! नत्थुजींनी इकडेतिकडे पाहून ती पटकन तोंडात टाकली.

“अवो, एक गोष्ट ध्यानात आली काय?” सत्यभामाबाई थांबून म्हणाल्या.

“काय?”

“हिरवं काईच नाई.”

खरंच नव्हतं. भाजीच्या ओळीत टोपल्या पालथ्या पडल्या होत्या. एका कोपऱ्यात मात्र झुंबड उडाली होती, म्हणून नत्थुजी टाचा उंचावून बघायला गेले. आत एक बाई सुकलेल्या मेथीच्या सात जुड्या घेऊन बसली होती, आणि सराफानं दागिना दाखवावा तशी एकेक जुडी लांबूनच दाखवत होती. दोन शेटजी एकाच जुडीला धरून ओढत होते. सत्यभामाबाईंच्या डोळ्यांत एक चमक आली. ती चमक नत्थुजींच्या ओळखीची होती आणि तिची त्यांना थोडी भीतीही वाटायची.

पंजाबराव सापडले ते पार्वताबाईंच्या खानावळीत. मोठा मांडव, जमिनीवर चार लांबलचक पंगती, आणि हातात पळी घेऊन उभ्या असलेल्या धिप्पाड पार्वताबाई. पहिल्याच पाटावर, कानाला बोरू लावलेले पंजाबराव ताटाकडे बघत बसले होते.

“आज बी चूनच?” ते म्हणाले. “पार्वताबाई, पाचवा दिवस हाय. सकाळी चून, संध्याकाळी चून. सपनात बी बेसनच येऊन राह्यलं.”

“मंग भाजी कुठून आणू?” पार्वताबाई कडाडल्या. “सारा मुलूख कापूस पेरून बसला. कापसाची उसळ करून वाढू काय तुमाले?”

सत्यभामाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू जत्रेत हरवलेली बहीण सापडली.

नत्थुजी हात जोडून पुढे झाले. वाटेत त्यांनी एक निवेदन मनाशी जुळवलं होतं, त्यात साहेबाचं “बैठो”सुद्धा येणार होतं. “कारकूनसाहेब, मी बोरखेडीचा एक इज्जतदार माणूस—”

“गाडीभर वांगे हायेत,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “कालचे तोडलेले.”

चारही पंगतींतली तोंडं चावायची थांबली. पंजाबरावांचा घास हातातच राहिला.

“कुठी?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमच्याच शिपायापाशी. कैदेत.”

नंतर जे झालं त्याला मिरवणूकच म्हणावं लागेल. पुढे पंजाबराव, खरकटा हात तसाच वर धरून. त्यांच्यामागे पळीसकट पार्वताबाई. त्यांच्यामागे अर्धवट जेवलेले गाडीवान, मेथी न मिळालेले शेटजी, आणि काय आहे ते ठाऊक नसतानाही धावणारे शंभरेक लोक. नत्थुजींना मधे कुठेतरी ढकलत नेलं जात होतं. ज्याच्या गुन्ह्यासाठी एवढा समुदाय चालला होता त्याला कुणी ओळखतही नव्हतं, ह्याचं त्यांना त्याही घाईत वाईट वाटलं.

कापसाच्या बाजारात पोचल्यावर पंजाबरावांनी हात धुतला आणि ते एकदम सरकार झाले. तोंडाला पाणी सुटलेला माणूस आणि बोरू हातात घेतलेला कारकून यांचा त्यांच्याकडे काही संबंध नव्हता.

“वजन करा,” ते म्हणाले. “कापूस येगळा, वांगे येगळे.”

कापूस एका पारड्यात टाकला, तर काटा जेमतेम हलला. वांगी चढवायला चार हमाल लागले. पंजाबरावांनी वही उघडली, बोरू शाईत बुडवला.

“भेसळ झाली हाय,” ते म्हणाले. शिपायानं काठी सरसावली. “पण जो माल जास्त, तो खरा. जो कमी, ती भेसळ. ह्या माणसानं कापसात वांगे मिसळवले नाई. ह्यानं वांग्यांत कापूस मिसळवला.”

“मग?” वामनराव ओरडले.

“मंग काई नाई. वांग्यांत कापूस मिसळू नये असा कायदा सरकारनं अजून केला नाई. केला म्हणजे ह्याले बोलावून घेऊ.”

हसण्याचा असा काही लोट उठला की बांधलेले बैल बिथरले. हसले नाहीत ते फक्त चंद्रभान आणि वामनराव. रुमालाखाली झालेला सौदा मोडायचा नाही, हा बाजाराचा नियम. मोडला तर दलालाची पत जाते. पाळला तर वामनरावांना मुंबईला कळवावं लागणार होतं की गाडीभर वांगी विलायतेला पाठवत आहे.

“ओ दादा,” सत्यभामाबाई त्यांना म्हणाल्या, “तुमी कापूस पाहून सौदा केला ना? मंग तेवढा कापूस तुमचा. त्याचे पैसे द्या. वांगे आमचे.”

वामनरावांनी तो टोपलीभर कापूस घेतला आणि एवढ्या कमी मालावर एवढे खूश झालेले ते त्या बाजारातले पहिलेच गुमास्ते ठरले.

पंजाबराव नवी चिठ्ठी लिहायला बसले. “वांगे, एक गाडी. गाव बोरखेडी. माल कोणाचा लिवू?”

सगळे नत्थुजींकडे पाहू लागले. कुणीतरी त्यांचं पागोटं झटकून आणून दिलं. शंभर माणसं, सरकारी वही, आणि त्यात आपलं नाव! अशी घटका पुन्हा येणार नव्हती. नत्थुजींनी पागोटं डोक्यावर ठेवलं, छाती पुढे काढली, तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

“लिवा,” ते म्हणाले, “सत्यभामाबाई.”

“बाईचं नाव?”

“वांगे तिनं लावले. मी तर नाई म्हणून राह्यलो होतो.”

पंजाबरावांनी लिहिलं. सत्यभामाबाईंनी पदर उगाचच दोनदा सारखा केला.

गाडी भाजीबाजारात पोचेपर्यंत चहूबाजूंनी हात येऊ लागले. सत्यभामाबाई गाडीवर उभ्या राहिल्या, तिथूनच ओरडल्या, “कोणी हात लावायचा नाई! एका घराले एक टोपलं!” आणि आश्चर्य म्हणजे शेटजी, गाडीवान, पठाण सगळे ओळीत उभे राहिले. निम्मी वांगी पार्वताबाईंनी एकदमच उचलली. पिंडऱ्यांपर्यंत धुळीनं माखलेले नत्थुजी टोपली भरून देत होते, घाम पुसत होते आणि मोठमोठ्यानं हसत होते. त्यांना कुणीतरी गडी समजून “ए, चांगले पाहून दे” म्हणालं, तेव्हा त्यांनी खरंच चांगली पाहून दिली. ओळीच्या शेवटी उपरणं तोंडावर ओढून वामनराव उभे होते.

“बाई,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “चार मिळतील का? काटेरी देठाची.”

त्यांना पाच मिळाली.

पार्वताबाईंनी मांडवामागे तुराट्या पेटवून वांगी भाजायला घेतली. सालीचा तो करपट, गोड वास रस्त्यात पसरला तसा बाजार निम्मा रिकामा झाला. भरीत, वर तेलाची धार, ठेचा आणि ज्वारीची गरम भाकरी. पंजाबराव पहिला घास खाऊन डोळे मिटून बसले आणि बराच वेळ त्यांनी ते उघडले नाहीत, तेव्हा शेजारच्यानं त्यांना हलवून पाहिलं. पार्वताबाईंनी सत्यभामाबाईंना विचारलं, दर बाजाराला एक गाडी द्याल का? सत्यभामाबाई “देऊ” म्हणाल्या. नत्थुजींकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि नत्थुजी त्या वेळी तिसरी भाकरी मागत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी परत निघाली. रिकामी गाडी, बैल हलके, कापसाची रांग उलट्या दिशेनं येत होती. बाईमाणसानं गाडीत मागे, पाठ फिरवून बसावं, अशी तेव्हाची रीत. नाका ओलांडल्यावर सत्यभामाबाई उठल्या, हेलकावे सावरत पुढे आल्या आणि नत्थुजींच्या शेजारी जोखडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“मागून काईच दिसत नाई,” त्या म्हणाल्या.

“लोक पाहातीन.”

“पाहू द्या.”

समोरून चार गाड्या येत होत्या. गाडीवान टक लावून बघत होते. नत्थुजींनी पागोटं सारखं केलं, कासरा एका हातात घेतला आणि सरकून जागा केली.